बायकांची न्हाणी बंद आहे

एविंदुर वाईट माणूस नव्हे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ते सांगायला जागा उरणार नाही.

हिवाळ्यात तो घाटातल्या रस्त्यावरचा बर्फ काढायची गाडी चालवतो आणि उन्हाळ्यात त्याच रस्त्याचे खड्डे बुजवतो. आमच्या खाडीत दोनशे चाळीस माणसं राहतात. एक चर्च आहे, एक शाळा, मासे गोठवायचा कारखाना आणि गरम पाण्याचा तलाव. चर्च नसतं तरी चाललं असतं. तलावाच्या कडेला बसलं की गळ्यापर्यंत पाणी येईल असं एक गोल कुंड आहे, आणि गेली बावीस वर्षं रोज सकाळी मी एविंदुरच्या समोर त्या कुंडात बसतो. माणूस बावीस वर्षं गळ्यापर्यंत पाण्यात दिसला की तो आपल्याला कळला आहे असं वाटू लागतं.

त्याची बायको दाग्नी कारखान्यात माशाचे काटे काढायच्या टेबलावर होती. माझी बायको थोरा तिच्या शेजारच्या जागेवर. दाग्नीच्या हातचा कॉडचा काप उजेडासमोर धरला तर त्यात केसाएवढा काटा सापडायचा नाही. पोरसवदा वयापासून ती तिथेच उभी होती, कारण पंधराव्या वर्षी तिची आई गेली. त्रेचाळीसची होती आई. कर्करोग. आधी एका बाजूचा स्तन काढला होता. तेव्हापासून ती तलावावर आली नाही. घरातल्या पत्र्याच्या टबात, दाराला कडी लावून आंघोळ करायची, आणि दाग्नीला सांगायची, "तू जा. कुणी विचारलं तर मला सर्दी झालीय म्हण." दोन वर्षं तिला सर्दी होती. मग ती मेली.

आमच्या देशात निम्म्या लोकांचं रक्त संशोधनासाठी घेतलेलं, राजधानीत कुठल्या तरी शीतकपाटात आहे. कुणाच्या रक्तात आईबापाकडून त्या कर्करोगाचा दोष उतरला आहे, हे तिथल्या लोकांना आधीच माहीत असतं, आपण विचारलं तरच ते सांगतात. संगणकावर आपलं नाव घालायचं, हो म्हणायचं आणि उत्तराची वाट बघायची. दाग्नीला विचारायचं नव्हतं. "माझ्याआधी त्यांना कळलंय ना, मग राहू दे त्यांच्यापाशी," असं ती थोराला म्हणाली होती.

एविंदुरला मात्र राहवेना. दाग्नीने बेचाळिसावं पूर्ण केलं त्या दिवसापासून तो कुंडात गप्प झाला. तसा आधीही तो बोलका नव्हता, पण ऐकायचा. आता तो पाण्याकडे बघत बसे. रात्री झोपेत तो तिच्या छातीवर हात ठेवून चाचपतो, असं दाग्नीने थोराला सांगितलं. "गाठ शोधतो. झोपेत. सकाळी विचारलं तर म्हणतो, मी कुठे काय केलं?" एका रविवारी जेवणानंतर त्याने संगणक उघडून तिच्यासमोर ठेवला आणि स्वतः उठून भांडी घासू लागला. तिने नाव घातलं. उत्तर आलं ते गावात सगळ्यांना माहीत आहे: आईचा दोष तिच्यात उतरला होता.

त्यांची मुलगी सोलरून राजधानीत शिकते. तिला फोनवर कळवलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, मला विचारायचं तेव्हा मी विचारेन. माझ्यासमोर कधी संगणक आणून ठेवू नकोस." एविंदुरने हे आम्हाला मुलगी किती हुशार आहे या सुरात सांगितलं.

फेब्रुवारीत दाग्नीचे दोन्ही स्तन काढले. निरोगी होते. डॉक्टरीण म्हणाली होती, नवे बसवता येतील, दोन-तीन वेळा यावं लागेल. दाग्नी म्हणाली, "एकदाच सोलायचं. पुन्हा भरायला मी काय सॉसेज आहे?"

त्यानंतर एविंदुरने जे केलं ते आमच्यापैकी एकालाही जमलं नसतं. राजधानीहून सहा तासांचा रस्ता त्याने नऊ तासांत कापला, प्रत्येक खड्ड्याच्या आधी गाडी थांबवून. सीटच्या पट्ट्याखाली तिच्या छातीला लागू नये म्हणून त्याने उशी धरली होती, म्हणजे गाडी एका हाताने चालवली. तिच्या दोन्ही बगलांखालून नळ्या निघत होत्या आणि टोकाला रबरी फुगे होते, त्यांत लालसर पाणी जमायचं. तो सकाळ-संध्याकाळ नळी बोटांनी दाबत दाबत खाली आणायचा, फुगा रिकामा करायचा, मोजायचा आणि मच्छिमार संघाच्या कॅलेंडरवर आकडा लिहायचा. तिला हात वर करता येत नव्हते. तो स्वयंपाकघरातल्या नळाखाली तिचे केस धुवायचा आणि वेणी घालायचा. वेणी अशी, की शाळेतल्या पोरी खिडकीतून बघून हसल्या. त्याला एकच पदार्थ येतो, मासा आणि बटाटे कुस्करून केलेलं, वर मिरपूड. तो पाच आठवडे त्याने रोज केला. थोरा भाकरीसारखा काळा ब्रेड आणि बटर घेऊन गेली की दाग्नी तिच्या हातून हिसकावून घ्यायची.

"कशी आहे दाग्नी?" आम्ही कुंडात विचारायचो.

"बरे आहोत," तो म्हणायचा. "रात्री जरा दुखलं आम्हाला. पण काल आमची डावी नळी काढली."

म्हातारा हियाल्टी, एके काळी बोटीचा कप्तान, आमच्यात सगळ्यात तिखट तोंडाचा. तो म्हणाला, "तुझी कुठली नळी काढली रे एविंदुर? बघू, अजून एक तरी शिल्लक आहे ना?"

कुंड हसलं. एविंदुरही हसला. पण त्याला विनोद कळला नव्हता. त्या दिवसांत त्याला खरोखरच ते दोघांचं शरीर वाटत होतं, आणि त्याचा सांभाळ त्याच्याकडे होता.

तो तिचे फोन घ्यायचा. कुणी विचारलं की आतल्या खोलीकडे न बघता उत्तर द्यायचा, झोप लागली, भूक आहे, मन ठीक आहे. एकदा थोराने फोन केला तेव्हा मागून आवाज आला, "एविंदुर, मी मेलेली नाही. दे इकडे."

पट्ट्या निघाल्या तेव्हा जखम आधी त्याने पाहिली, कारण तिला मान इतकी खाली वळवता येत नव्हती, आणि आरसा तिने झाकून ठेवला होता.

"कसं दिसतं?"

"छान."

"छान?"

"म्हणजे... नीट आहे."

"कारखान्याच्या धक्क्यावर मासा बघताना तू यापेक्षा जास्त बोलतोस," ती म्हणाली, आणि उठून तिने आरशावरचा टॉवेल स्वतःच ओढला. बराच वेळ बघितलं. एक हात दुसऱ्या हाताने वर उचलून बोट फिरवलं. मग म्हणाली, "हात चांगला आहे त्या डॉक्टरणीचा. एक काटा ठेवला नाही."

हे तिने थोराला सांगितलं तेव्हा दोघी इतक्या हसल्या, की दाग्नीला टाक्यांवर उशी दाबून धरावी लागली. एविंदुर दारात उभा होता. "हसू नका, ताण पडेल," तो म्हणाला.

त्याच दिवशी तिने थोराला आपला बेत सांगितला. उन्हाळ्याच्या पहिल्या दिवशी ती तलावावर येणार होती. हा दिवस एप्रिलात येतो, आणि आमच्याकडे त्या दिवशी बहुधा बर्फ पडतो, तरी मुलांना चेंडू आणि पतंग देतात, झेंडे घेऊन मिरवणूक निघते आणि तिच्याआधी सगळं गाव तलावावर येतं. पाण्यात उतरण्याआधी कपडे काढून, साबण लावून अंग धुवायचं. पोहण्याचा पोशाख त्यानंतर. पुरुषांची न्हाणी एकीकडे, बायकांची दुसरीकडे, आणि आत आडोसा नाही. पाचापासून पंच्याऐंशीपर्यंतच्या बायका एका रांगेत उभ्या राहून अंग घासतात आणि कारखान्यातल्या मुकादमाची उणीदुणी काढतात. गावातल्या प्रत्येक बाईला प्रत्येक बाईचं पोट, टाके आणि तीळ ठाऊक आहेत.

"सगळ्या असतील तेव्हाच येते," दाग्नी म्हणाली. "एकदा बघून घ्या म्हणावं. पोटभर बघा. काय विचारायचं ते विचारा. मग संपलं. मला सर्दीबिर्दी व्हायची नाही."

एविंदुरलाही तिने सांगितलं होतं. तो म्हणाला, "त्या दिवशी फार गर्दी असते."

"म्हणूनच."

हा एकच शब्द त्याने नीट ऐकला असता तर मी हे लिहीत बसलो नसतो. पण त्याला फक्त गर्दी ऐकू आली.

तलावाच्या खिडकीत गेर्दुर बसते. तिने वीस वर्षांत कुणालाही न धुता पाण्यात सोडलेलं नाही. राजधानीहून आलेल्या एका बड्या साहेबाला तिने सगळ्यांदेखत परत पाठवलं होतं, "तुझं डोकं कोरडं आहे, बाळा. जा, पुन्हा धुऊन ये." अशा बाईकडे आदल्या दिवशी दुपारी एविंदुर हॅडॉक माशांची पिशवी घेऊन गेला. अर्धा तास बायकांची न्हाणी फक्त दाग्नीसाठी ठेव, म्हणाला. गेर्दुर म्हणाली, असं करत नाहीत. तो म्हणाला, तिने खूप सोसलंय, लोकांच्या नजरा तरी तिला सोसायला लावू नकोस. गेर्दुर आधी नाही म्हणाली, मग रडली, मग कागद शोधू लागली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तलाव उघडल्या उघडल्या तो एकटा कुंडात आला. दाग्नीला नंतर घेऊन येणार होता. चेहरा उजळला होता त्याचा, कित्येक महिन्यांनी.

"सोय केलीय," तो म्हणाला, आणि आम्हाला सांगितलं.

आम्ही चौघं होतो. हियाल्टीने तोंडावर पाणी मारलं. मला थोराने सांगितलेलं सगळं आठवत होतं, शब्दन् शब्द. मी म्हणू शकलो असतो, अरे, तिला हे नकोय, जा आणि तो कागद फाडून टाक. अजून दोन तास हातात होते. पण समोर तो तसा उजळलेला बसला होता, आणि मी म्हणालो, "चांगलं केलंस." हियाल्टी म्हणाला, "बायकोची काळजी घेणारा गडी आहे." बाकीच्यांनी माना डोलावल्या. गावातल्या कुठल्याही माणसाच्या चुकीत आणखी तीन-चार माणसं अशी मान डोलावत बसलेली असतात.

पुढचं मला थोराने सांगितलं. ती तिथे होती.

बायकांच्या न्हाणीच्या दारावर गेर्दुरच्या मोठ्या अक्षरात कागद होता: सव्वानऊ ते पावणेदहा बंद. कृपया समजून घ्यावे. आणि खाली लांबलचक बाकावर नऊ बायका आणि सहा मुली, लोकरीचे स्वेटर घातलेल्या, मांडीवर टॉवेलच्या पिशव्या, समजून घेत बसलेल्या. बाहेर बर्फाचे बारीक कण पडत होते. एविंदुर पुढे आला, त्याने दार धरलं, आणि मागून दाग्नी आली. वेणी तिने स्वतः घातली होती. तिने कागद वाचला.

"पाइप फुटला का?" तिने विचारलं.

गेर्दुर खिडकीत खाली बघून किल्ल्या लावत बसली.

"जा गं बाळ तू," बाकावरची सगळ्यात म्हातारी बाई म्हणाली. "आम्हाला घाई नाही."

एका मुलीने आईला विचारलं, "ती एकटीच का जाणार? आपण का नाही?" आईने तिच्या मांडीला चिमटा काढला.

दाग्नीने बाकाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं. थोरा म्हणते, "त्या वेळी मी उठून तिच्याबरोबर आत जायला हवं होतं. पण मला वाटलं, तिनेच सांगितलं असेल. मन बदललं असेल." दाग्नीने शेवटी थोराकडे बघितलं आणि थोराने, माझ्या बायकोने, प्रेमाने मान हलवली, जा म्हणून.

"निवांत कर," एविंदुर म्हणाला. "कुणी येणार नाही."

ती आत गेली. भिंतीपलीकडे पाण्याचा आवाज येऊ लागला आणि बाहेर पंधरा जणी तो ऐकत बसल्या. तो आवाज फार वेळ चालला. पावणेदहाला अजून पाच मिनिटं होती तेव्हा तो थांबला.

मी कुंडातच होतो. ती तलावाच्या बाजूने चालत आली. निळा पोशाख, पुढून सपाट, जरा ढगळ. आम्ही सरकलो. एका माणसाला लागते त्याच्या दुप्पट जागा केली. ती बसली. एविंदुर तिच्या शेजारी, पाण्याखाली तिचा हात धरून. कुणीतरी म्हणालं, वारा उत्तरेचा आहे. दुसरा म्हणाला, दुपारी वळेल.

दाग्नी हियाल्टीकडे बघत होती. या म्हाताऱ्याने तिच्या लग्नाच्या दिवशी, बाळंतपणानंतर, तिच्या बापाच्या अंत्यविधीनंतरच्या कॉफीलासुद्धा तिला टोमणा मारायचं सोडलं नव्हतं.

"हियाल्टी," ती म्हणाली, "जीभ कुठे ठेवून आलास आज?"

हियाल्टीने घसा खाकरला. "बरी दिसतेस," तो म्हणाला.

तिने हात सोडवून घेतला. दहा मिनिटं बसली आणि उठली.

घरी काय झालं ते एविंदुरने मला तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं, काही मे महिन्यात, काही जूनमध्ये. घरी गेल्यावर तिने कॉफी टाकली. दोघांसाठी. मग शांतपणे बोलली.

"माझी आई कडी लावून आंघोळ करायची. मला कडी नको होती. तू बाहेरून लावलीस."

"मला वाटलं, लोक बघतील."

"त्यांनी बघावं म्हणूनच चालले होते मी."

"तुला त्रास नको म्हणून..."

"एविंदुर, त्रास कुणाला होत होता? मला नव्हतं विचारायचं, तू संगणक आणून ठेवलास. मला नव्हतं कापायचं, तुला झोप लागत नव्हती. छाती मी तुझ्या भीतीपायी दिली. दिली ती दिली, परत मागत नाही. आता लाजसुद्धा तुझीच घेऊ अंगावर?"

तो म्हणाला, "तू जिवंत राहशील." त्याला हे एकच उत्तर येत होतं, आणि ते खरं होतं, म्हणून तर त्यावर काही बोलता येत नव्हतं.

ती पुढच्या शनिवारी पुन्हा गेली, न सांगता, गर्दीच्या वेळी. पण आता गावाला शिकवून झालं होतं. ती आत शिरताच मुकादमाचा विषय थांबला. बायकांनी तोंडं भिंतीकडे केली. कोपऱ्यातला शॉवर रिकामा झाला. कुणीतरी तिच्या हातात स्वतःचा चांगला साबण दिला. "नऊजणींच्या पाठी," थोरा म्हणते, "आणि माझीही. मला वाटलं, तिला तसंच हवंय. पंचवीस वर्षं शेजारी उभी आहे मी तिच्या, पण त्या कागदावर माझा तिच्यापेक्षा जास्त विश्वास बसला."

त्यानंतर दाग्नी आमच्या तलावावर आली नाही. कारखान्यात परत आली, टेबलावर पूर्वीच्याच वेगाने काम करते. गेर्दुरने दोनदा निरोप पाठवला, पाहिजे तेव्हा न्हाणी रिकामी करून देईन. एविंदुर तिला म्हणाला, मी सगळ्यांची माफी मागतो, कुंडात उभा राहून सांगतो की चूक माझी होती. ती म्हणाली, "म्हणजे पुन्हा तूच सांगणार."

सप्टेंबरपासून ती घाट ओलांडून पलीकडच्या खाडीतल्या तलावावर जाते, मंगळवारी आणि शनिवारी, एकटी. एका शनिवारी थोरा तिच्याबरोबर गेली. तिकडची न्हाणी आमच्यासारखीच, तीच पिवळी फरशी. दाग्नी कपडे काढून रांगेत उभी राहिली. शेजारच्या जाड बाईने वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "अगं बया, हे काय केलंस?"

"काढून टाकले. आईच्या रक्तात होतं."

"दोन्ही?"

"सोडत असते का एक?"

"दुखलं?"

"हो."

"माझ्या बहिणीला सांग एकदा हे, ती नुसती रडत बसलीय उत्तर आल्यापासून. जरा शाम्पू दे, माझा संपला."

दाग्नीने शाम्पू दिला. मग दोघी त्यांच्या गावच्या पाद्रीबद्दल बोलू लागल्या आणि दाग्नी मोठ्याने हसली. थोरा शेजारच्या शॉवरखाली उभी होती. ती म्हणते, मला त्या जाड बाईचा इतका राग आला की साबण डोळ्यांत गेला असं सांगावं लागलं.

एविंदुर रोज सकाळी कुंडात येतो. आम्ही दाग्नीची विचारपूस केली की आता "ठीक आहे" म्हणतो, एकवचनात. घरी ती कपडे बदलताना दार लावून घेते. हे त्याने स्वतःहून सांगितलं नाही. परवा हियाल्टी उठून गेल्यावर आम्ही दोघंच उरलो, तेव्हा त्याने पाण्यावरची वाफ हाताने बाजूला सारली आणि मला विचारलं, "थोरा गेली होती ना तिच्याबरोबर, पलीकडे?"

"गेली होती."

"तिला दिसलं असेल."

"काय?"

"व्रण. एप्रिलात लाल होते. आता पांढरे पडले का?"

"पडले म्हणे."

त्याने पुन्हा वाफ बाजूला सारली.

"दोन्हीकडचे?"

"ते मी विचारलं नाही," मी म्हणालो.

"विचार," तो म्हणाला. "पण मी विचारलं असं सांगू नकोस."